लक्ष आहे, पण जागेवर नाही!

ऑफिसात माझ्याबद्दल दोन मतं आहेत. ‘जाम हुशार’ आणि ‘जाम बेभरवशाचा’. दोन्ही खरी! ३१व्या वर्षी डॉक्टरांनी नाव सांगितलं, एडीएचडी. म्हटलं, हे तर लहान मुलांचं! पण नाही बॉस. २०१३चं डीएसएम-५ म्हणतं, काही लक्षणं १२ वर्षांच्या आत दिसायला हवीत. ती १२व्या वाढदिवसाला संपतात, असं कुठेच म्हणत नाही.

आता माझे फंडे साधे आहेत. तोंडी काम घेत नाही, ‘दोन ओळी मेल कर ना’ म्हणतो. मोठ्या रिपोर्टचे २५-२५ मिनिटांचे तुकडे पाडतो. गोळीने लक्ष टिकतं, पण इनबॉक्स आपलाआपण आवरत नाही!

खरं टेन्शन वेगळंच. बॉसला सांगायचं का? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही, आणि अप्रेझल तोंडावर. मी आजाराचं नाव न घेता फक्त गरज सांगितली, ‘‘लेखी दिलंत की वेळेत देतो.’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘मग सगळ्यांनाच लेखी देऊ की!’’

निदान अजून माझ्याच खिशात आहे. रिपोर्ट मात्र वेळेवर जातायत.