बिलातल्या अदृश्य स्लाइड

ग्रँटचा प्रस्ताव लिहायला बसलं की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: एका स्लाइडचे किती पडतील? मी उलट विचारते, स्लाइड किती लागतील? टिश्यूचं काम बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घेताना दरात थोडीफार घासाघीस होते. बजेट फसतं ते मोजणीत.

समजा, १२ उंदीर. प्रत्येकाचं यकृत आणि मूत्रपिंड, म्हणजे २४ ब्लॉक. दर ब्लॉकला एक हिमॅटॉक्सिलिन-इओसिनची स्लाइड आणि तीन अँटिबॉडी, झाल्या ९६. इथवर सगळेच येतात. पण नवी अँटिबॉडी १:१०० पातळ करायची की १:४००, हे आधी फालतू टिश्यूवर पाहावं लागतं. शिवाय दर खेपेला एक स्लाइड प्राथमिक अँटिबॉडी न घालता आणि एक हमखास रंगणाऱ्या टिश्यूची. त्या नसतील तर दिसणारा तपकिरी रंग खरा की खोटा, हे कोण सांगणार? शोधनिबंधात त्यांना क्वचितच जागा मिळते, बिलात नेहमी.

खरा पेच मायक्रोटोमपाशी. पॅराफिनचा ब्लॉक पुन्हा यंत्रावर चढवला की पात्याशी नीट जुळेपर्यंत काही काप वायाच जातात. म्हणून चार मायक्रॉनचे जास्तीचे काप एकदमच काढावेत, तर पडून राहिलेल्या कापात काही प्रथिनं पुढे नीट रंगत नाहीत. बायोप्सीचा कणभर तुकडा असेल तर मी जास्तीचे काप घेते, पण रंगकामाची तारीख ठरवूनच. उंदराच्या अख्ख्या यकृताला एवढे लाड नकोत.

आरएनए हवा असेल तर तो खर्च विच्छेदनाच्या टेबलावरच ठरतो. फॉर्मलिनमध्ये आरएनएचे तुकडे पडतात, तेव्हा एक भाग तिथल्या तिथे द्रव नायट्रोजनमध्ये. पुढे कोरडा बर्फ आणि कुरिअर (शुक्रवारी पाठवू नका, रविवारी पार्सल कोण उघडतंय!).

कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात १८ टक्के जीएसटी असतो, तो लेखाविभागाआधी आपण वाचावा. स्लाइड स्कॅन करण्याचे आणि पॅथॉलॉजिस्टने वाचण्याचे पैसे दरात धरलेत का, हेही विचारावं. ब्लॉक आणि उरलेली अँटिबॉडी परत मिळेल, हे मी लेखी घेते. अँटिबॉडी आपल्याच पैशांची असते, तरी ती मागायला लोकांना संकोच वाटतो. मला नाही वाटत.