मढीमहालाच्या कठड्याशी

आर्थर सीटचा बेत माझा होता आणि त्यात माझा स्वार्थ होता, हे आधीच सांगून टाकतो. खांद्यावरच्या शबनममध्ये आईची कानटोपी होती, पाण्याची बाटली होती आणि सर्वांत तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आमच्या घराच्या इसारपावतीचा मसुदा होता. सांगलीच्या गावभागातले जुने घर विकायचे आणि विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घ्यायचा, एवढे माझे आणि सौभाग्यवतींचे ठरले होते. उरली होती आईची सही. घरात विषय काढला की ती भाजी चिरायला घेई. थंड हवेत माणूस मऊ होतो, अशी माझी समजूत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. १९२९ सालचा तो पूल आम्हा सांगलीकरांचा पंचांगच आहे. पावसाळ्यात तिथी पाहण्याआधी आम्ही फूट पाहतो. त्या रात्री पाणी अंगणात आले तेव्हा मी धावपळ करून पुरी न झालेल्या पीएच.डी.च्या टिपणांचे गठ्ठे माळ्यावर चढवले. वडिलांच्या चाळीस वर्षांच्या रोजनिशा खालच्या फळीवर होत्या. त्या उद्या सकाळी, असे म्हणालो. सकाळी आम्ही होडीत होतो. परतलो तेव्हा रोजनिशांच्या विटा झाल्या होत्या. आईने पान पान सुटे करून गच्चीवर वाळवले. शाई कुठेच उरली नव्हती. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. ती बोलली असती, तर मी घर विकायला इतका उतावीळ झालो नसतो असे कधी कधी वाटते.

नव्या पाण्याने घाटाची पायरी गाठली की दरवर्षी ती सुनेला घेऊन कृष्णामाईची ओटी भरवी. पुरानंतर ते बंद झाले. शेजारणीने विचारले, तर म्हणाली, "तीच घरी येऊन भरून घेऊन गेली. आता मी कशाला जाऊ?"

तर गेल्या नोव्हेंबरात निघालो. वाटेत साताऱ्याला मावशीकडे मुक्काम झाला, कंदी पेढ्यांचा पुडा सक्तीने पदरात पडला (मावशीच्या आग्रहापुढे कृष्णेचा पूर बरा), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महाबळेश्वरचा बाजार मागे टाकून जंगलातल्या रस्त्याने कड्याच्या टोकाशी पोहोचलो.

साहेबाने पॉइंटांना नावे देण्याआधी या जागेला मढीमहाल म्हणत. सह्याद्रीची धार इथे अशी काही तुटली आहे की कठड्याला धरून चालताना एका बाजूला कोकण आणि दुसऱ्या बाजूला देश. डावीकडे सावित्रीचे खोरे, उघडेबोडके, नजर ठरत नाही इतके खोल. उजवीकडे जोरचे खोरे, हिरवे, झाडीने भरलेले; ते कृष्णेचे. क्षेत्र महाबळेश्वरी एकाच देवळात दोघींचा उगम मानतात. पण मधल्या या धारेमुळे सावित्री पोलादपूर, महाड करीत बाणकोटला समुद्र गाठते, तर कृष्णा वाई, कऱ्हाड, सांगली करीत पार आंध्रापलीकडे बंगालच्या उपसागरात. शेजारी शेजारी जन्मलेल्या बहिणी, सासरे दोन टोकांना. हे व्याख्यान मी आईला दिले. तिने वर्गातल्या मागच्या बाकासारखे ऐकून घेतले.

आमचा वाटाड्या मात्र माझ्यापेक्षा चांगला शिक्षक निघाला. पुस्तके सांगतात की हे नाव १८४२ ते १८४६ या काळातील मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांच्यावरून पडले. वाटाड्याला हे गव्हर्नर मंजूर नव्हते.

"आजी, आर्थर मॅलेट म्हणून साहेब होता. त्याची बायको न् तान्हं लेकरू या सावित्रीत बुडालं, तिकडं बाणकोटाकडं. मग तो रोज इथं येऊन बसायचा. म्हणून सीट."

आईने पदर डोक्यावरून घट्ट ओढला. "इथून बाणकोट दिसतं?"

"छे हो. लई लांब."

"राहायचा कुठं?"

"इथंच. इथलं पहिलं घर त्यानंच बांधलं म्हणतात."

"नदीपासून एवढ्या उंच?"

"तर! तरी रोज येऊन तिच्याकडंच बघायचा."

आई काही बोलली नाही. मलाही शबनम एकाएकी जड वाटू लागली. मी घाईघाईने महाडच्या जुन्या पुलाचा विषय काढला: २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच सावित्रीच्या पुरात तो कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. खाली उन्हात तिचे पात्र पांढऱ्या दोऱ्याएवढे दिसत होते.

इथे हलकी वस्तू दरीत टाकली की वारा ती परत वर आणतो, म्हणून पोरे टोप्या भिरकावीत होती. आईने पिशवीतले शेवंतीचे फूल काढले आणि डाव्या कठड्यावरून सोडले. ते खाली गेले, अडखळले आणि गरगरत वर येऊन माझ्या चष्म्यावर आपटले. पोरे हसली. आईही हसली, मी तिला पुरानंतर अशी हसताना पाहिले नव्हते. फूल उचलून तिने पुन्हा पिशवीत ठेवले. मग उजव्या कठड्याशी जाऊन बराच वेळ जोरच्या खोऱ्याकडे पाहत उभी राहिली. गाजरे विकणारी बाई दोनदा येऊन गेली. विषय काढायला याहून निवांत वेळ मिळाली नसती. मी तो काढला नाही.

परतताना पंचगंगेच्या देवळात थांबलो. गोमुखातून पाणी कुंडात पडत होते. आईने ते फूल तिथे वाहिले, माझ्याकडून बाटली मागून घेतली, उरलेले विकतचे पाणी ओतून टाकले आणि गोमुखाच्या पाण्याने ती काठोकाठ भरली.

"देव्हाऱ्यात?" मी विचारले.

"छे. माळ्यावर. तिथं पुराचं पाणी पोहोचत नाही."

झाकण दोनदा पिळून पाहून तिने बाटली माझ्या हाती दिली. "शबनममध्ये उभी ठेव नीट. सांडली, तर तुझे ते कागद भिजतील."