कायद्याचा धाक

"शंभर वर्षांपेक्षा जुनी वास्तू पाडता येत नाही, काका. सरकार गुन्हा दाखल करतं," असं मी गावी, चौसाळ्याला फोन करून ठणकावून सांगितलं होतं. आमचा वाडा निजामाच्या अमदानीतला, म्हणजे तो आपोआप वाचणार, अशी माझी खात्री होती. कुठलाही कायदा मी उघडून पाहिलेला नव्हता. पुण्यात राहून हेरिटेजच्या बातम्या वाचत आलो होतो, तेवढ्यावर माझं मत बनलेलं. काकांनी माझा शब्द खरा मानला आणि लगोलग जेसीबी बोलावला. सरकारी शिक्का बसण्याआधी जागा मोकळी झालेली बरी, असा त्यांनी हिशोब केला. तोवर वाडा पाडायचं नुसतं बोलणं चाललं होतं. ते माझ्या फोनमुळे तडीस गेलं.

कायदा मी वाचला तो यानंतर. 1958 च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांची अट आहे खरी, पण तेवढं वय झालं म्हणून कुठल्याही भिंतीला आपसूक संरक्षण मिळत नाही. सरकारने आधी आपला इरादा जाहीर करायचा, हरकतींसाठी दोन महिने द्यायचे, मग अंतिम अधिसूचना काढायची, तेव्हा कुठे ती वास्तू संरक्षित होते. महाराष्ट्राचा 1960 चा कायदाही अधिसूचनेवरच चालतो. आमच्या बीड जिल्ह्यात धारूरच्या किल्ल्याला किंवा अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यांना असं संरक्षण आहे. शहरांतली तऱ्हा वेगळी. मुंबईने 1995 साली वारसा इमारतींची नियमावली लागू केली, ती देशातली पहिली. तिच्यात इमारतींची यादी आहे, तीन श्रेण्या आहेत, सल्ला द्यायला समिती आहे. पुढे इतर शहरांनीही आपापल्या याद्या केल्या. या सगळ्याला आधार लागतो तो शहराच्या विकास नियंत्रण नियमांचा. चौसाळ्याला आहे ग्रामपंचायत. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 52 नव्या बांधकामाच्या परवानगीचं आहे. जे पाडायचं त्याचं मोल काय, हा प्रश्न त्यात येतच नाही. शहरातला नियम मी सरळ गावठाणाला लावून मोकळा झालो होतो.

काकूचं म्हणणं मात्र मी कानांनी ऐकलं होतं आणि तरी मनावर घेतलं नव्हतं. "माळवदाखाली लेकरं निजतेत. तुझं काय जातंय तिकडं बसून?" ती म्हणायची. ही वाडा विकण्याची सबब आहे असं मी धरून चाललो. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हे शोभणारं नव्हतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली, ती बहुतेक अशाच घरांत. जाड दगडमातीच्या भिंती, वर माळवदाच्या मातीचा बोजा, आणि सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. माळवदाखाली अंथरूण टाकताना आमच्याकडच्या बायांनी त्यानंतर किती वेळा आढ्याकडे पाहिलं असेल! किल्लारीनंतर अशी घरं बळकट करण्याच्या रीती अभियंत्यांनी सांगितल्या होत्या. माळवदावरचा मातीचा थर कमी करायचा, भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड बसवायचे, खांब आणि तुळईच्या जोडाला तिरकस आधार द्यायचा. फोन केला तेव्हा मी गुन्ह्याची भाषा बोलण्याऐवजी हे बोलायला हवं होतं, आणि खर्चातला माझा वाटा किती हेही. वाड्यात माझा हिस्सा होता. पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायला मी एकदाही पैसे पाठवले नव्हते.

मी पोचलो तेव्हा निम्मा वाडा खाली आला होता. उरलेली भिंत मधोमध चिरल्यासारखी उभी होती. बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड, आणि मध्ये कपच्या अन् पांढरी माती ठासलेली. त्या भिंतीच्या पोटात बळद होतं. वर माळवदावरून ज्वारी ओतायची, खाली माजघरात तळाशी भोक, भोकाला लाकडी गुडदी. लहानपणी त्या भोकात हात घालून आम्ही ज्वारी काढायचो, पण बळद आतून कसं असतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आतून मातीने लिंपून गुळगुळीत केलेलं, कोपरे गोल, म्हणजे दाणा अडकू नये. तळाला काळी पडलेली मूठभर ज्वारी. कुणा गवंड्याने हे इतक्या विचाराने केलं होतं, आणि त्याचं माप माझ्याकडे नव्हतं. बळदाची खोली, खांबांमधलं अंतर, काहीच नाही. घरातले फोटो आहेत ते लग्नांचे. त्यांत माणसांच्या डोक्यांमागे भिंतीचा एखादा तुकडा दिसतो. टेप घेऊन एक सुट्टी घालवली असती तर निदान नकाशा राहिला असता. सागवानी खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेले. तळखडे तेवढे जागेवर राहिले.

काकांशी मी बरेच दिवस बोललो नाही, हेही चुकलंच. राग त्यांच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. ते जे खरं समजून चालले, ते मीच सांगितलेलं होतं. शेवटी त्यांच्या नव्या स्लॅबच्या घरात बसून मी ते कबूल केलं. काका एवढंच म्हणाले, "मग आधी विचारून तरी सांगायचं होतंस."

आता गावी गेलो की टेप आणि वही बरोबर असते. आमच्या भागात अजून काही जुनी घरं उभी आहेत. त्यांची मापं घ्यावीत, ग्रामसभेपुढे एक यादी ठेवावी, असा प्रयत्न आहे. त्या यादीला कायद्याचं बळ नसेल, हे मी आधीच सांगून टाकतो. एका घरमालकाने दारातच विचारलं, "यादीत नाव आलं तर उद्या मला पाडता येईल का?"

"येईल. कुणी अडवणार नाही," मी म्हणालो. "पण माळवद कुठं गळतंय ते आधी दाखवा."

त्यांनी जिन्याकडे बोट केलं. वर गेल्यावर टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं.