खुर्चीवरून उतरवायचं कुणी?

राज्यपद्धतींचे प्रकार सांगा म्हटलं की आमच्या विषयाचा विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवतो: राजेशाही, हुकूमशाही, संसदीय लोकशाही, अध्यक्षीय लोकशाही. मग फरकांचा तक्ता येतो. राष्ट्रप्रमुख कोण, निवडून कोण देतं, मुदत किती. परीक्षेला तेवढं पुरतं. मी मात्र राज्यशास्त्राच्या पहिल्याच तासाला उलटा प्रश्न टाकते. नकोसा झालेला सत्ताधारी घरी कसा पाठवायचा, आणि तो हक्क कुणाचा? बसवण्याचा सोहळा सगळीकडे थाटाचाच असतो. कोणती पद्धत काय लायकीची आहे ते उतरवण्याच्या वेळी कळतं.

उतरवण्याचा सनदशीर रस्ताच नसला तर काय होतं, हे पुण्याला कुणी सांगायला नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय अवघं १८. राघोबादादांना पेशवाई हवी होती आणि गादीवरचा पेशवा बदलण्याची कागदोपत्री काही सोय नव्हती. कामाला आले ते गारदी. पुढे राघोबादादा नकोसे झाले, तेव्हा बारभाईंनाही कारस्थानच करावं लागलं. त्यातून इंग्रजांशी युद्ध ओढवलं, ते १७८२ च्या सालबाईच्या तहानं मिटलं. वारसाहक्कानं चालणाऱ्या राज्यात माणूस वाईटच निघतो असं नाही; थोरले माधवराव याच गादीवर बसले होते. पण वाईट निघाला तर करायचं काय, याला उत्तर नसतं.

संसदीय पद्धतीनं हे काम फार सोपं करून ठेवलं. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूनं २६९ आणि विरोधात २७० मतं पडली. वाजपेयी सरकार गेलं. कुठला गुन्हा सिद्ध करावा लागला नाही, की कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. सभागृहाचा विश्वास उडाला, एवढं कारण पुरलं. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले पण खासदारकी न सोडलेले गिरिधर गमांग यांचं मत त्या दिवशी फार गाजलं. आणि पडलेल्या त्याच सरकारनं काळजीवाहू म्हणून कारगिलचं युद्ध निभावून नेलं.

आता अमेरिकेतलं एक मत पाहा. १८६८ साली अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी काँग्रेसला न जुमानता युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना हटवलं, म्हणून त्यांच्यावर महाभियोग चालला. सिनेटमध्ये ३५ जणांनी त्यांना दोषी ठरवलं, १९ जणांनी निर्दोष. दोनतृतीयांशाला ३६ मतं हवी होती. म्हणजे जवळपास दुप्पट मतं विरोधात पडूनही जॉन्सन एका मतानं तरले. वाजपेयी मात्र एका मताच्या फरकानं गेले. यात अन्याय कुठेच नाही. पंतप्रधान सभागृहाच्या विश्वासावर उभा असतो, त्यामुळे सभागृह तो विश्वास काढून घेऊ शकतं. अमेरिकेच्या अध्यक्षाला काँग्रेसनं बसवलेलंच नसतं. त्याला काढायचं तर ‘हा आम्हाला नको’ म्हणून भागत नाही, अपराध दाखवावा लागतो. आजवर एकाही अध्यक्षाला सिनेटनं पदावरून काढलेलं नाही. निक्सन १९७४ मध्ये गेले, ते वेळ येण्याआधी राजीनामा देऊन.

आपण यातलं काय घ्यायचं, याचा खुलासा डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना केला होता. लोकशाहीतलं सरकार स्थिर हवं आणि जबाबदारही हवं, पण दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात पदरात पाडून देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही, असा त्यांचा मुद्दा होता. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त. ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त, कारण तिथे सरकारची झडती रोज सभागृहात होते आणि निवडणुकीत मतदारही घेतो. मसुद्यानं जबाबदारीला झुकतं माप दिलं.

हा वाद दिल्लीपुरता आहे असं वाटत असेल, तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत जाऊन बसावं. पूर्वी गाव सदस्य निवडायचं आणि सदस्य आपल्यातून सरपंच निवडायचे. ही झाली संसदीय पद्धत. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं. २०२० मध्ये ते रद्द झालं आणि २०२२ मध्ये थेट निवड परत आली. राज्यात सरकार बदललं की गावात राज्यपद्धत बदलते, असा हा प्रकार. जुन्या पद्धतीत निवडीआधी सदस्यांची ‘सहल’ निघायची. फोन बंद करून मंडळी थेट मतदानालाच उगवायची. थेट निवडीनं सहली थांबल्या आणि दुसरंच दुखणं सुरू झालं: सरपंच एका पॅनेलचा, सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनेलचं.

पंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणाला मी शिकवायला जाते. तिथे एका सरपंच बाईंनी मासिक सभेचं इतिवृत्तच माझ्यापुढे ठेवलं. पथदिव्यांची दुरुस्ती: नामंजूर. ब्लीचिंग पावडरची खरेदी: नामंजूर. त्यापुढची सभा कोरमअभावी तहकूब. “मॅडम, मला अख्ख्या गावानं निवडून दिलंय. हे अडवणारे कोण?” मागच्या रांगेतून त्यांच्याच पंचायतीतला विरोधी पॅनेलचा सदस्य म्हणाला, “आम्हालाही गावानंच दिलंय की, ताई.”

दोघंही खरं बोलत होते. हुआन लिंझ या अभ्यासकानं १९९० मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या देशांकडे बघत अध्यक्षीय पद्धतीचा हाच दोष दाखवला होता. अध्यक्ष आणि विधिमंडळ दोघंही लोकांनीच निवडलेले. भांडण जुंपलं तर खरा कौल कुणाचा, हे ठरवणारं लोकशाही तत्त्वच उरत नाही. ब्लीचिंग पावडरवाचून पाणी पिणाऱ्या त्या गावाला लिंझ वाचायची गरज नव्हती.

एका देशानं तर हा प्रयोग थेट पंतप्रधानपदावर केला. इस्रायलमध्ये १९९६, १९९९ आणि २००१ मध्ये पंतप्रधानाची निवड मतदारांनी थेट केली. छोट्या पक्षांच्या कचाट्यातून त्याला सोडवावं, हा हेतू. पण हाती दोन मतं आल्यावर मतदारानं एक पंतप्रधानाला दिलं आणि दुसरं आपल्या पंथाच्या, गटाच्या पक्षाला. १२० जागांच्या संसदेत दोन मोठ्या पक्षांच्या मिळून १९९२ मध्ये ७६ जागा होत्या, त्या १९९९ मध्ये ४५ वर आल्या. लोकांनी निवडलेल्या पंतप्रधानाला पाडायला संसदेतली ६१ मतं पुरेशीच राहिली. फक्त त्याच्याबरोबर संसदही बरखास्त व्हायची. अखेर २००१ मध्ये त्यांनी जुनी पद्धत परत आणली.

म्हणून माझं मत असं की संसदीय चांगली की अध्यक्षीय, हा वाद फार ताणू नये. दोन्ही चालतात, पण बसवणाराच उतरवणारा असेल तर. बसवणारा एक आणि उतरवणारा दुसरा झाला की घोळ होतो. आपल्या ग्रामपंचायत कायद्याला हे उमगलं होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. थेट सरपंचावर अविश्वास आणायचा तर सदस्यांचं तीनचतुर्थांश बहुमत लागतं, आणि त्यावर ग्रामसभेची मंजुरीही. गावानं बसवला, तर शेवटचा शब्द गावाचाच. राहिली ती रोजची कोंडी. ती सोडवायला पाणी, दिवे, सफाई असले खर्च बहुमताच्या रुसव्याफुगव्यातून बाहेर काढावे लागतील. जर्मनीनं कोंडीवर वेगळा उपाय केला: नवा चॅन्सेलर निवडल्याशिवाय जुन्याला पाडता येत नाही. १ ऑक्टोबर १९८२ रोजी हेल्मुट श्मिट गेले, ते हेल्मुट कोल यांना निवडणाऱ्या त्याच मतदानानं.

सरपंच निवडीचा कायदा पुन्हा बदलला, तर वर्तमानपत्रांत निवड कशी होणार याचेच मथळे येतील. ते वाचून झाले की कलम ३५ काढून वाचावं. अविश्वासाचं कलम ते. आपलं राज्य कोणत्या जातीचं आहे, ते तिथे कळेल.