आमच्या घरांतील कर्कश स्वर

दोन वर्षांपूर्वीं आम्हीं घरीं स्टीरिओ यंत्र आणलें. पंडित भीमसेन जोशी यांचे अभंग तीर्थरूपांना मनसोक्त ऐकतां यावेत, हा मूळ हेतु. परंतु पहिल्याच संध्याकाळीं टाळांचा नाद कानांत सुईसारखा शिरूं लागला, व आम्हीं दुकानदारास मनांतल्या मनांत नाहीं नाहीं तें बोलून घेतलें.

दोष दुकानदाराचा नव्हता. आमच्या बैठकीच्या खोलींत शहाबादी फरशी, कांचेचीं तावदानें आणि उघड्या भिंती! अशा कठिण पृष्ठभागांवरून उंच स्वर परावर्तन पावून पुन्हां कानीं येतात. मऊ वस्तु ते शोषून घेतात. हार्वर्डचे प्राध्यापक सेबाइन यांनीं १८९५ सालीं शेजारच्या नाट्यगृहांतील गाद्या रात्रीं व्याख्यानगृहांत वाहून नेऊन असेच प्रयोग केले होते. आम्हीं सतरंजी अंथरली, जाड पडदे लावले, आणि वरच्या स्वरांचें, ज्यास ट्रेबल म्हणतात तें, बटण बरेंच उतरविलें. टाळ गोड झाले.

दुसऱ्या दिवशीं पाहतों, तों बटण शेवटपर्यंत चढलेलें! आम्हीं उतरवावें, कोणीं तरी चढवावें, असें आठवडाभर चाललें. संशय अर्थातच मुलांवर. त्यांना आम्ही रागें भरलों देखील. मग एके दुपारीं तीर्थरूपच यंत्रापाशीं वाकलेले दिसले. "आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहींत," ते ओशाळून म्हणाले.

शास्त्राच्या तासास आम्ही शिकवितों कीं, तरुण कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकतो, व वयोमानानें प्रथम वरचेच स्वर हरपतात. स, श यांसारख्या वर्णांचें बळ त्या वरच्या स्वरांत असतें. तें गेलें म्हणजे शब्द बोथट होतो. हें सारें ठाऊक असून घरांतला माणूस आम्हांस दिसला नाहीं! आम्ही जो कांटा काढीत होतों, तो त्यांचा आधार होता.

उपाय सांपडला तो स्पीकरच्याच स्वभावांत. उंच स्वर विजेरीच्या झोताप्रमाणें सरळ समोर जातात. बाजूस बसणाऱ्यास ते कमी ऐकूं येतात. आम्हीं दोन्ही स्पीकर तीर्थरूपांच्या आरामखुर्चीकडे वळविले, आणि स्वतः भिंतीलगत, त्या रोखाबाहेर, बसूं लागलों. बटण आतां निम्म्याच्या जरा वर आहे. मुलांची क्षमा मागितली. धाकट्यानें ती दिली, थोरला अजून विचार करीत आहे.