माती, हात आणि धूर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला माती रोज भाजली जाते. सिमेंटच्या फिरत्या भट्टीत चुनखडी आणि मातीचे मिश्रण सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि क्लिंकर होऊन बाहेर पडते. माणसाचा हात मात्र त्या मातीला लागत नाही. हाताने मातीकाम शिकायचे तर जवळचे गाव भद्रावती. गांधीविचाराच्या कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ साली तिथे ग्रामोदय संघ उभा केला आणि कुंभारकामाला प्रशिक्षणाची जागा मिळाली.

शिकणे सुरू होते मळण्यापासून. माती कणकेसारखी दाबत, वळवत राहायची. ओल सगळीकडे सारखी व्हावी आणि अडकलेली हवा निघून जावी, यासाठी. शिकाऊ माणसाला हा भाग कंटाळवाणा वाटतो, त्याची नजर चाकावर असते. खरे तर चाक उशिरा आलेले बरे. वळ्या करून एकावर एक चढवताना भिंतीची जाडी बोटांना कळते. चाकावर ती कळण्याआधीच भांडे कोसळते. मातीचे शिल्प करणाऱ्यालाही वळ्या फार उपयोगी पडतात. आकृती आतून पोकळ ठेवावी लागते, आणि हात-पाय जोडताना दोन्ही बाजू खरवडून मधे पातळ चिखल भरावा लागतो. नुसते चिकटवलेले कान वाळताना गळून पडतात.

वाळवणे म्हणजे थांबणे. माती आकसते, पातळ कड आधी आणि जाड बूड नंतर, आणि तडा त्या दोघांच्या मधे जातो. चंद्रपूरच्या उन्हात काम उघडे टाकणे हा शुद्ध उतावीळपणा. ओले फडके किंवा प्लास्टिक झाकून सावलीतच ठेवायचे. भट्टीत वस्तू फुटली की दोष हवेच्या बुडबुड्यावर जातो, पण बहुतेक वेळा कारण असते आत राहिलेली ओल. तिची वाफ होते आणि तिला वाट सापडत नाही.

भाजताना उष्णतेइतकीच हवाही काम करते, आणि हे विदर्भातल्या कुंभारांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथल्या लोहयुगीन शिळावर्तुळांत काळी-तांबडी भांडी मिळाली आहेत : आतून आणि काठाशी काळी, बाहेरून तांबडी. एकाच मातीला दोन रंग कसे आले? अभ्यासकांचे सर्वसाधारण मत असे, की भांडी पालथी घालून भाजत. बाहेरच्या अंगाला मोकळी हवा मिळे, तिथले लोह ऑक्सिजन धरून तांबडे होई. आतल्या कोंडलेल्या धुरात ऑक्सिजन उरत नसे, काजळी मात्र मातीत मुरे. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली. ज्या समाजाला हवा तोडून मडके काळे करता येत होते, त्यालाच दगडातून लोखंड काढता येत होते, हा योगायोग वाटत नाही. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचे लोहखनिज आज घुग्घुसच्या स्पंज आयर्न भट्टीत येते, तिथेही तेच घडते. खनिज वितळत नाही; कोळशातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड त्यातला ऑक्सिजन ओढून नेतो. कारखान्याच्या धुराबद्दल गावात कुणी चांगले बोलणार नाही. पण मडक्याच्या पोटातल्या त्या जुन्या धुराने केलेले काम देखणे आहे.

आजच्या कार्यशाळांत पहिली भाजणी साधारण ९०० ते १,००० अंशांची असते. ५७३ अंशांच्या आसपास वाळूतले स्फटिक एकदम फुगतात, म्हणून तिथे आच सावकाश वाढवतात. मग झिलई. सिलिका, तिला लवकर वितळवणारे द्रव्य आणि ती ओघळू नये म्हणून ॲल्युमिना, असे हे काचेचे पांघरूण. मातीची भांडी कमी आचेवर झिलई घेतात, स्टोनवेअरला १,२०० अंशांच्या वर जावे लागते. बुडाला झिलई पुसायची राहिली तर भांडे फळीला कायमचे चिकटते. निवतानाही ते स्फटिक ५७३ अंशांशीच आकसतात, म्हणून भट्टी आपली आपण थंड होऊ द्यायची, दार मधेच उघडायचे नाही.