गादीखालचें मासिक

महर्षि धोंडो केशव कर्वे यांची तसबीर आमच्यासारख्या पुष्कळ घरांच्या भिंतीवर लागली. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांच्या ‘समाजस्वास्थ्या’चा अंक मात्र गादीखालीं राहिला. पित्यानें विधवांचें दुःख उघडें केलें, तें समाजानें कालांतरानें मान्य केलें. पुत्रानें शय्यागृहाचें दार उघडलें, तें लोकांस सोसलें नाहीं. या पुत्राच्या चरित्रावर श्री. अमोल पालेकर यांनीं काढलेला ‘ध्यासपर्व’ हा २००१ सालचा चित्रपट होय.

मुंबईच्या विल्सन कॉलेजांत गणित शिकविणाऱ्या या गृहस्थानें १९२१ सालीं संततिनियमनाचें केंद्र काढलें. लंडनमध्यें मेरी स्टोप्सबाईंचा दवाखाना निघाला तोही त्याच वर्षीं, हें आपल्याकडे किती जणांस ठाऊक असेल? १९२५ त या प्रचारापायीं नोकरी सुटली. जुलै १९२७ त मासिक सुरू झालें, तें १९५३ त मृत्यु येईपर्यंत चाललें. १९३१ त अश्लीलतेबद्दल १०० रुपये दंड झाला. पुढें १९३४ त वाचकांच्या प्रश्नांस दिलेल्या उत्तरांवरून पुन्हां खटला; तेव्हां डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले, तरी २०० रुपये भरावे लागलेच.

अमेरिकेच्या किन्से यांच्यावरही २००४ सालीं चित्रपट निघाला. पण किन्सेंच्या पाठीशीं विद्यापीठ होतें; रघुनाथरावांच्या पाठीशीं मालतीबाई होत्या. किशोर कदम यांनीं रघुनाथराव उत्तम वठविले आहेत. तथापि सीमा बिस्वास यांच्या मालतीबाईच आमच्या मनांत अधिक राहिल्या. मूल न होऊं देण्याचा निश्चय उभयतांचा; परंतु आपल्या समाजांत ‘पाळणा कां हलत नाहीं’ हें विचारतात तें बायकोलाच! रघुनाथरावांच्या लिखाणांतील तर्काचा कोरडेपणा आम्हांस कधीं कधीं जाचतो, हेंही सांगितलें पाहिजे.

गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनीं स्वतंत्र पुस्तक लिहिलें. ज्या पेनिसिलिननें उपदंश बरा होतो, तें आमच्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यांत १९५५ त तयार होऊं लागलें. रघुनाथराव दोन वर्षांपूर्वींच गेले होते. औषध आलें, बोलणें मात्र आलें नाहीं. आज चाकणला परमुलुखांतून आलेले तरुण एकेका खोलींत पाळीपाळीनें झोपतात. त्यांच्या शंकांस उत्तर देतो कोण? रस्त्याकडेला तंबू ठोकून बसलेला वैदू, नाहींतर हातांतला मोबाइल.

आमच्या चिंचवडच्या घरीं हा चित्रपट सर्वांनीं मिळून पाहावा असें निघालें, तेव्हां बरीच चुळबूळ झाली. वहिनींना वाटे, मुलें संकोचतील. मुलांना वाटे, थोरल्या काकू उठून जातील. काकू शेवटपर्यंत बसल्या आणि म्हणाल्या, “आमच्या वेळीं हें कुणी सांगितलं असतं, तर माझ्या जाऊबाईंचीं सात बाळंतपणं झालीं नसतीं.” त्या जाऊबाई सातव्या खेपेस गेल्या, हें घरांतल्या मुलांना त्या दिवशीं प्रथम कळलें.

चाकणच्या कारखान्यांत नोकरीस असलेला आमचा पुतण्या येत्या रविवारीं आपल्या सोबत्यांना हा चित्रपट दाखविणार आहे. त्यांतल्या कित्येकांना मराठी येत नाहीं, म्हणून तो शेजारीं बसून अर्थ सांगेल. “सांगतांना तुला लाज नाहीं का रे वाटणार?” असें वहिनींनीं विचारलें.

“थोडी वाटेल,” तो म्हणाला.